दार कोणी कोणासाठी धरायचं?

गणपतीत आमच्या सोसायटीत एक व्याख्यान असतं. अंताक्षरी आणि पाककला स्पर्धा यांच्या मधल्या मोकळ्या संध्याकाळी. यंदाचे वक्ते आमच्याच बी विंगमधले काका होते, बँकेतून निवृत्त, मुलाकडे टोरांटोला सहा महिने राहून नुकतेच परतलेले. विषय होता ‘आपण असे का?’ ‘असे’ म्हणजे कसे, हे मांडवात कोणालाच विचारावं लागलं नाही. थुंकणारे, ढकलणारे, रांगेत घुसणारे, सिग्नल हिरवा व्हायच्या आत हॉर्न वाजवणारे, आणि कोणालाही कधीही ‘थँक यू’ न म्हणणारे. पुरावा म्हणून काकांनी ते जुनंच कात्रण काढलं, जे मी गेली दीड-दोन दशकं वेगवेगळ्या तोंडून ऐकते आहे. २००६ साली ‘रीडर्स डायजेस्ट’ने जगातल्या ३५ शहरांची सौजन्याची परीक्षा घेतली. न्यूयॉर्क पहिलं. मुंबई पस्तिसावी.

मांडवभर माना डोलल्या. आपण नापास झालो हे ऐकून लोक इतके समाधानी कसे दिसतात, याचं मला आधी नवल वाटलं. मग लक्षात आलं, माना डोलवणाऱ्या प्रत्येकाला खात्री होती की नापास झाला तो शेजारचा.

काकांशी माझं भांडण आहे. ते तिथेच करता आलं नाही, कारण लगेच आरती होती.

आधी ती परीक्षा काय होती ते पाहू. मासिकाच्या वार्ताहरांनी प्रत्येक शहरात तीन गोष्टी केल्या. सार्वजनिक इमारतीत कोणाच्या तरी पाठोपाठ शिरायचं आणि पुढचा माणूस आपल्यासाठी दार धरतो का ते पाहायचं, असं वीसदा. वीस दुकानांत काहीतरी किरकोळ घ्यायचं आणि विक्रेता आभार मानतो का ते पाहायचं. वीस गजबजलेल्या ठिकाणी हातातले कागद पाडायचे आणि कोणी उचलू लागतं का ते पाहायचं. न्यूयॉर्कला शंभरात ८०, मुंबईला ३२. आशियातली बहुतेक शहरं तळाला गेली. आता याचे अर्थ दोनच निघतात. एक तर आशिया खंडच्या खंड उद्धट आहे, नाहीतर प्रश्नपत्रिका दुसऱ्याच शाळेतून आली होती.

दाराचं घ्या. जिथे सहा महिने थंडी बाहेर ठेवायची असते तिथे दारं जड असतात आणि आपोआप मिटतात. पुढच्याने धरलं नाही तर ते मागच्याच्या तोंडावर आपटतं, म्हणून धरण्याची रीत पडली. आमच्या किराणा दुकानाला दार कुठे आहे? सकाळी शटर वर जातं, रात्री खाली येतं, मधल्या वेळात दुकान आणि रस्ता यांच्यामध्ये फक्त फळी असते. जिथे काचेचं दार आहे, त्या मॉलमध्ये, त्या मोठ्या हॉटेलात, ते उघडायला पगारी माणूस उभा असतो. पुढचा माणूस दार धरत नाही कारण ते काम आपण एकाला नेमून दिलेलं आहे. हा मुद्दा लक्षात राहू द्या, याच्याकडे मला परत यायचंय.

कागदांबद्दल फार बोलत नाही. चर्चगेटबाहेर संध्याकाळी सहाला कागद पाडले तर ते उचलायला वाकणाराही कागदांबरोबर तुडवला जाईल, एवढं कळायला वार्ताहर असावं लागत नाही.

आणि मुंबईची परीक्षा घ्यायचीच होती तर गाडीत घ्यायची होती. रेल्वेच्या तांत्रिक भाषेत एक शब्दप्रयोग आहे, ‘सुपर डेन्स क्रश लोड’. एका चौरस मीटरमध्ये उभे १४ ते १६ प्रवासी. एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन घरच्या फरशीवर खडूने आखा आणि त्यात चौदा माणसं कल्पून पाहा. त्या चौकोनात मी बावीस वर्षं डोंबिवली ते सीएसएमटी उभी राहिले आहे, आणि तिथे जे पाहिलं ते कोणत्याही प्रश्नपत्रिकेत बसणारं नाही.

बायकांच्या डब्यात शिरलं की पहिला प्रश्न असतो, “कुठे उतरणार?” परक्या माणसाला हा आगाऊपणा वाटेल. ओळख ना पाळख, आणि ही थेट मुक्कामाचं ठिकाण विचारते! पण तो प्रश्न म्हणजे खरेदीखत आहे. “घाटकोपर.” “कोणी विचारलंय?” “नाही.” झाला व्यवहार. घाटकोपरला ती जागा विचारणारीची. मध्ये ठाण्याला कोणी जाडजूड बाई चढून बरोबर त्या सीटसमोर उभी राहिली, तरी उठणारी प्रवासीण आधी मागे बघते, बोट दाखवते, “त्यांनी विचारलंय,” म्हणते, आणि ती बसल्यावरच दाराकडे सरकते. वास्तविक हिला आता काय देणंघेणं? हिचं स्टेशन आलेलं आहे, गर्दी कापत दारापर्यंत पोचायचं आहे. तरी ती स्वतःचे चार सेकंद एका अनोळखी बाईचा हक्क पाळण्यात घालवते. कागद नाही, साक्षीदार नाही, आभार तर नाहीतच.

तिघींच्या बाकावर चौथी टेकते, तेही असंच. “जरा सरकून घ्या ना.” तिघी सरकतात, कोणी मोबाइलवरून नजरही उचलत नाही. चौथी अर्धी बाकावर, अर्धी हवेत. उभ्या असलेलीची पिशवी बसलेली न मागता मांडीवर ओढून घेते. त्या पिशवीत काय आहे, ती कोणाची आहे, हे तिला ठाऊक नसतं. मुंबईच्या परीक्षकांना या डब्यात कोणी आणलं असतं तर त्यांनी वहीत लिहिलं असतं: बेचाळीस मिनिटं, थँक यू शून्य.

लंडनमध्ये गरोदर बायका ट्यूबने जाताना ‘बेबी ऑन बोर्ड’ असं लिहिलेला बिल्ला लावतात. तिथल्या वाहतूक संस्थेने तो २००५ च्या सुमारास सुरू केला. समोरच्या बाईला तोंडावर “तुम्हाला दिवस गेलेत का” विचारणं तिथे असभ्य, न विचारता उठावं तर ती फक्त जाड निघण्याची भीती, म्हणून मग बिल्ला. यावरून लंडनकर उद्धट ठरवायचे? मी ठरवणार नाही. अनोळखी माणसाला त्याच्या जागी एकटं सोडणं हे तिथलं सौजन्य, त्याला आपल्यात ओढून घेणं हे इथलं. भाषेतल्या सौजन्याचे हे दोन ओघ पेनेलोपी ब्राऊन आणि स्टीफन लेव्हिन्सन या अभ्यासकांनी १९७८ मध्ये नीट मांडले, आणि त्यांनी ज्या तीन भाषा मुख्यतः तपासल्या त्यातली एक तमिळ होती. म्हणजे उदाहरण शोधायला त्यांनाही आमच्याच बाजूला यावं लागलं.

‘थँक यू’ची तर गंमतच आहे. २०१८ मध्ये सिमियन फ्लॉइड आणि सहकाऱ्यांनी पाच खंडांतल्या आठ भाषांमधली रोजची, घरगुती, गावातली बोलणी ध्वनिमुद्रित करून तपासली. एकाने काही मागितलं, दुसऱ्याने दिलं, मग पहिला काय म्हणाला? आभाराचा शब्द सरासरी जेमतेम वीसात एकदा आला. इंग्रजीत जरा जास्त, पण तिथेही सातात एकदाच्या आसपास. इक्वेडोरमधल्या चापाला भाषेत तर आभार मानायला रूढ शब्दच नाही, आणि त्या लोकांचं एकमेकांवाचून काही अडलेलं नाही. उलट फ्रान्सला जा. तिथे दुकानात पाऊल टाकल्याबरोबर ‘बोंजूर’ म्हटलं नाही तर पुढे शंभरदा मेर्सी म्हणा, तुमची गणना रानटी लोकांत झालेली असते. नीस शहरातल्या एका कॅफेने २०१३ मध्ये दरपत्रकच लावलं होतं: नुसतं “एक कॉफी” म्हणाल तर ७ युरो, “कृपा करून” जोडलंत तर ४.२५, आणि आधी बोंजूर म्हणालात तर १.४०. आमच्या काकांनी टोरांटोच्या सवयीने तिथे हसतमुखाने “वन कॉफी, प्लीज” म्हटलं असतं तर सव्वाचार युरो मोजले असते. सभ्य माणूसही गाव बदललं की महाग पडतो.

मराठीला सौजन्य क्रियापदातच शिवून मिळालेलं आहे. पाणी दे, पाणी द्या, पाणी देता का, पाणी द्याल का जरा. इंग्रजीत प्लीज जे काम करतो ते इथे ‘का’ आणि ‘जरा’ करतात, वर ‘हो’ आणि ‘ना’ मदतीला. ‘कृपया’ हा शब्द मी माणसाच्या तोंडून क्वचितच ऐकला. तो फलाटावरच्या भोंग्यातून येतो, नाहीतर पुणेरी पाटीवर असतो, आणि तिथे त्याच्या पाठोपाठ अपमान येणार हे वाचणाऱ्याला माहीत असतं. निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. दुकानदार दुकान बंद करत नाही, वाढवतो. गोव्यात कोकणीत कोणी पाणी पाजलं तर “देव बरें करूं” म्हणतात, आणि हिशेब देवाच्या खात्यावर टाकून दोघं मोकळे होतात.

काकांचा दुसरा मुद्दा रक्ताचा होता. “जपान्यांच्या रक्तातच आहे ते!” रक्त तपासून पाहू. १९६४ च्या ऑलिंपिकआधी टोकियोत रस्त्यावर लघवी करू नका, थुंकू नका, कचरा टाकू नका अशी मोहीम काढावी लागली होती. सिंगापूरने १ जून १९७९ ला राष्ट्रीय सौजन्य मोहीम सुरू केली, पुढे तिच्यासाठी एक सिंह बोधचिन्ह म्हणून नेमला, आणि २०१३ मध्ये त्या सिंहाने ‘आता मी थकलो’ अशा सुरात जाहीर पत्र लिहून राजीनामा दिला. बीजिंगमध्ये २००८ च्या ऑलिंपिकआधी दर महिन्याची ११ तारीख रांगेचा दिवस म्हणून पाळायला लावली, कारण अकराचा आकडा दोन माणसं एकामागे एक उभी राहिल्यासारखा दिसतो. हे सगळं सरकारांनी पैसे खर्चून, दंड लावून, भिंतीवर चित्रं डकवून घडवलेलं आहे. रक्ताचा काही संबंध नाही. आमच्या मेट्रोच्या फलाटावर तोच डोंबिवलीकर पिवळ्या रेषेमागे निमूट उभा राहतो, कारण त्याला ठाऊक असतं की गाडी मिळणार आहे. तासाभरात जागा मिळेल की नाही याची खात्री नसलेल्या माणसाला रांगेचं महत्त्व शिकवणं म्हणजे भुकेल्याला काटा-चमचा कसा धरायचा ते शिकवणं.

इथवर वाचून काही जणांना माझा जयजयकार करावासा वाटेल. व्याख्यानानंतर मांडवाच्या कोपऱ्यात तसं झालंच. “बरोबर बोलताय ताई, आपल्याकडे आभार मनातून मानतात. दाखवायची पद्धत नाही.” आणि पाठोपाठ, अपेक्षेप्रमाणे, “सव्वीस जुलै विसरले वाटतं हे लोक!”

यांच्याशी माझं काकांपेक्षा मोठं भांडण आहे.

२६ जुलै २००५ मी विसरलेले नाही. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि मी त्या रात्री कुर्ल्याच्या एका खोलीत, सात माणसांच्या घरात आठवी होऊन झोपले. त्या घरातल्या बाईने मला स्वतःची कोरडी साडी नेसायला दिली, चहा दिला, आणि तिची मुलगी माझ्यासाठी भिंतीला चिकटून झोपली. दुसऱ्या दिवशी मी रुळांवरून चालत निघाले. नंतर कित्येक वर्षं ती वस्ती रोज गाडीतून दिसायची. मी एकदाही उतरले नाही. त्या बाईचं नाव मला माहीत नाही, आणि ते विचारायचं राहिलं असं मी म्हणते तेव्हा खोटं बोलते. विचारायचं सुचलं नाही. पुरात सगळे सारखे भिजलेले असतात. पाणी ओसरलं की कोण कुठला ते पुन्हा दिसायला लागतं. म्हणून पुराचा दाखला मला सौजन्याचा वाटत नाही. आणि माझे आभार मनात होते हे त्या बाईला कसं कळावं?

त्या २००६ च्या पाहणीतली एकच गोष्ट मला खरी महत्त्वाची वाटते, आणि तीच कोणी सांगत नाही. मुंबईतल्या एका दुकानात वार्ताहर बाईंनी केसांच्या क्लिपा घेतल्या. पैसे घेतल्याबरोबर विक्रेत्याने पाठ फिरवली. आभार का मानले नाहीत, असं विचारल्यावर तो म्हणाला की तो काही शिकलेला माणूस नाही, माल हातात देतो, संपलं. बाकीच्या आकड्यांवर मी पाणी सोडते, पण या माणसाने जे सांगितलं ते परीक्षकांना ऐकूच आलं नाही. त्याने नम्रता नाकारली नव्हती. नम्र शब्द हा शिकलेल्यांचा दागिना आहे, आपण तो घालायचा नसतो, असं त्याला कोणीतरी पटवलेलं होतं. हे पटवणारे आपण आहोत.

आपल्याकडे शिष्टाचार कमी कधीच नव्हता. तो मोजून, माणूस बघून वाटला जायचा. पेशवाईत मुंबईतल्या सोनारांनी ब्राह्मणांसारखं धोतर नेसून एकमेकांना ‘नमस्कार’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा ब्राह्मणांनी पेशव्यांच्या पाठबळावर ईस्ट इंडिया कंपनीच्या कौन्सिलकडून त्याविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हा दाखला दिला आहे. नमस्कार म्हणण्यावर बंदी! जगातल्या कुठल्या शहराने असं केलंय का ते शोधायला हरकत नाही. महाराने वरच्याला जोहार घालायचा, वरच्याने त्याला काय म्हणायचं याचा नियमच नव्हता, कारण उत्तर देण्याची गरज नव्हती. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय कामठीच्या बाबू हरदासांना दिलं जातं. ते साधं ‘हॅलो’ नाही. दोन्ही बाजूंनी एकच शब्द म्हटला जाईल, ही त्यातली खरी उलथापालथ आहे.

आता ते जुनं झालं, असं म्हणायची सोय नाही. आपल्या जिभेवर ते रोज आहे. साहेबाला ‘आपण’, सहकाऱ्याला ‘तुम्ही’, आणि वडिलांच्या वयाच्या वॉचमनला “ए, गेट उघड”. हॉटेलात पोऱ्याचं नाव जगभर छोटू. रिक्षावाला साठीचा असला तरी ‘तू’, आणि विमानात ट्रे आणून देणाऱ्या पंचविशीच्या मुलीला मात्र थँक यू सो मच. म्हणजे शब्द आपल्याला येतात. ते वर जातात, समोर जातात, खाली उतरत नाहीत. जी प्रवासीण घाटकोपरला माझा हक्क पाळते, तीच टोपली घेऊन चुकून शिरलेल्या कोळणीला बघून नाकाला पदर लावते. “मावशी, लगेजमध्ये जा!” टोपलीला लगेजचा डबा आहे हे खरं, पण वाक्यातला सूर नियमावलीतून आलेला नसतो. मी तो सूर लावलेला आहे.

आणि ‘मावशी’ हा शब्द पाहा. घरकाम करणाऱ्या बाईला आपण मावशी म्हणतो, आणि परदेशी पाहुण्याला अभिमानाने सांगतो की आमच्याकडे परक्यालाही नात्याने हाक मारतात. त्या मावशीचा चहाचा कप कुठे ठेवलेला असतो, तेही दाखवावं. म्हणून मला मॉलच्या दारावरच्या त्या पगारी माणसाकडे परत यायचं होतं. त्याच्यासमोरून दिवसाला काही हजार लोक जातात. दार धरणं हे इथे कोणाचं तरी काम आहे, आणि काम म्हटलं की पगार दिला की संपलं, मान वळवायचंही कारण उरत नाही. काकांनी टोरांटोत दार धरायला शिकून घेतलं, मला त्यात आनंद आहे. त्यांनी ते टोरांटोच्या लोकांसाठी धरलं.

तोंडाने न मागता मान देण्याची, आणि ती दोन्ही दिशांनी देण्याची रीत आपल्याकडे नाही असं मात्र नाही. आषाढीच्या वाटेवर दिंडीत शिरा. अनोळखी माणूस ‘माऊली’ म्हणून हाक मारतो. वाट हवी असली तरी “माऊली, जरा…”, पाय पडला तरी “माऊली!”, आणि भेटले की दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. वय विचारत नाहीत, आडनाव तर नाहीच. एवढ्या धक्काबुक्कीच्या गर्दीत एका शब्दावर सगळं चालतं, कारण त्या शब्दाला वरखाली नाही. पंढरपुरात पोचल्यावर दर्शनबारीत तेच वारकरी तासन्‌तास उभे राहतात. व्हीआयपींची गाडी मात्र दुसऱ्या बाजूने येते, आणि रांगेचं महत्त्व मांडवात सांगणाऱ्यांपैकी पास ज्याच्याकडे असतो, तो तो परत करत नाही.

गेल्या महिन्यात सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली. आमच्या लिफ्टमध्ये एक पाटी आहे: ‘घरकामगार, डिलिव्हरी बॉय व सफाई कर्मचारी यांनी ही लिफ्ट वापरू नये.’ शेजारीच दुसरी पाटी: ‘रहिवाशांना नम्र विनंती, लिफ्टमध्ये थुंकू नये.’ मी पहिली पाटी काढून टाकायचा ठराव मांडला, आणि नम्र विनंती कोणाला केली आहे आणि का करावी लागली आहे, तेही वाचून दाखवलं. बरीच चर्चा झाली. काका अध्यक्षस्थानी होते. माझ्या म्हणण्यात तथ्य आहे, पाटीची भाषा खरोखरच उद्धट आहे, टोरांटोत अशी पाटी कोणी लावणार नाही, असं त्यांनी मान्य केलं. मग एकमताने ठराव मंजूर झाला. पाटी बदलून नवी लावण्यात यावी, आणि तिच्यात ‘कृपया’ हा शब्द घालावा.